मिलिमीटरची वजाबाकी

माझ्या ताईच्या नवऱ्याला बाजारपेठेत सगळे मिलिमीटर म्हणतात. खरं नाव वीजबिलावर आहे, तेवढ्यापुरतंच ते वापरात येतं. मी त्यांना भाऊजी म्हणतो, पण टोपणनाव चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही. भाजी चिरायला बसले तरी तुकडे एका लांबीचे. भिंतीवर घड्याळ टांगायचं तर आधी पेन्सिलीने दोन ठिपके. ताई म्हणते, "बघायला आले तेव्हा वाटलं, शांत माणूस दिसतोय. शांत कसला, दाराची चौकट मोजत होता."

वीस वर्षं ते एका कचेरीत यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे. मोठं तिरकं टेबल, टोकदार पेन्सिली आणि एक स्टीलची पट्टी. मग कचेरीत कॉम्प्युटर आले आणि आठ माणसांचं काम दोघं करू लागले. त्या दोघांत भाऊजी नव्हते. पट्टी घेऊन घरी आले. वर्षभर घरात बसून, धाकट्या पुतण्याच्या वयाच्या पोरांबरोबर क्लासला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले आणि एका दुकानात लागले. दुकान अरुंद, बोळासारखं. पुढे मालकाचा काउंटर, मागे भाऊजींचं टेबल आणि त्यावर दोन मशीन. नकाशांसाठी जपलेली ती पट्टी आता मशीनची झाकणं उचकटायला वापरायची वेळ आली. त्यात तिचं टोक वाकलं. तेव्हापासून भाऊजी माप शून्यापासून घेत नाहीत. दोनच्या रेघेपासून घेतात आणि शेवटी दोन वजा करतात.

या पट्टीनेच त्यांना दुकानात नाव मिळवून दिलं, आणि तेही अशा कामात, ज्याचा उल्लेख ते पाहुण्यांसमोर करत नसत.

बंदुकीचे जे गेम असतात ना, ज्यात आपण खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी बघतो, त्यात माऊस उजवीकडे सरकवला की समोरचं सगळं दृश्य वळतं. माऊस किती सरकवला की किती वळायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. याला खेळणारे 'सेन्स' म्हणतात. हात एकदा एका सेन्सला बसला की डोकं लावावं लागत नाही, जसं अंधारात आपला हात नेमका बटणावर जातो. पंचाईत होते ती गेम बदलला की. एका गेममधला 'दोन' म्हणजे दुसऱ्यातला 'अर्धा', तिसऱ्यात तर आकडा शंभरापर्यंत. इंटरनेटवर याचे हिशेब मिळतात, पण गेम नवा असला की चार ठिकाणी चार उत्तरं. भाऊजी म्हणायचे, "जगाला कशाला विचारता, टेबलाला विचारा." ते माऊसशेजारी पट्टी ठेवायचे, गेममध्ये भिंतीवरची एखादी खूण धरायचे आणि पुन्हा तीच खूण समोर येईपर्यंत, म्हणजे एक पूर्ण गिरकी होईपर्यंत, माऊस सरळ ओढायचे. किती सेंटिमीटर लागले ते वहीत लिहायचे. मग नव्या गेममध्ये आकडा कमीजास्त करत तेवढ्याच सेंटिमीटरमध्ये तेवढीच गिरकी बसवायचे. काम अर्ध्या तासाचं, पण खेळणारे लांबून यायचे.

पन्नाशीचा माणूस पोरांच्या खेळासाठी माऊस ओढत बसतो हे सासुरवाडीला कळू नये असं त्यांना वाटायचं. मला कळलं तेव्हा कान लाल करून म्हणाले, "घरी बोलू नकोस. दुरुस्तीच करतो मी." तरी त्या वहीवर त्यांचा जीव होता. कचेरीतल्यासारख्या रेघा मारलेल्या होत्या. नाव, गेम, सुरुवात, शेवट, फरक.

या वहीत एक नाव होतं मुंगी.

मुंगी म्हणजे बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. दातांच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर मेणाचे दात कोरायचे, कवळ्या घासायच्या. खेळातलं तिचं नाव मुंगी, कारण ती कोपऱ्यात न हलता तासन्‌तास दबा धरून बसू शकायची आणि समोरचा दिसला की एकच गोळी. त्यांची पाच जणांची टीम होती. बाकीचे चौघं पुरुष. कॅप्टन विम्याच्या कचेरीत कारकून. वर्षभर ते एक गेम खेळत होते. मग स्पर्धा भरवणाऱ्यांनी गेमच बदलला, आणि एका शनिवारी दुपारी पाचही जण दुकानात येऊन उभे राहिले.

"काका, हात तोच ठेवायचाय, गेम नवा," मुंगी म्हणाली.

"ठेवू की," भाऊजी म्हणाले.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. कॅप्टन आपल्या मित्रांना सांगत होता की इथे बघा, हा माणूस केसाच्या जाडीएवढा फरक पकडतो. आणखी दोनतीन जण माना वर करून बघत होते. भाऊजी बोलायला फारसे नाहीत, पण कौतुक कोणाला नकोसं असतं. ते माप घेता घेता समजावून सांगत होते, नकाशांच्या कचेरीतली एक आठवणही सांगून झाली. जुन्या गेममध्ये मुंगीचं माप घेतलं. दोनच्या रेघेवर सुरुवात, अठ्ठाविसावर शेवट. वहीत लिहिलं. नव्या गेममध्ये आकडा बसवला, पुन्हा दोनदा तपासला आणि पट्टी खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी मुंगी परत आली, कॅप्टनबरोबर.

"काका, कुठेतरी चुकतंय. माझा हात थांबतो तिथे समोरचा माणूस नसतो. मी त्याच्या अलीकडेच थांबते. थोडंसंच, पण रोज."

"गेम नवा आहे, सवय व्हायची," कॅप्टन म्हणाला. "आमचं सगळ्यांचं बरोबर बसलंय की."

भाऊजींनी वही उघडलीसुद्धा नाही. मालक बघत होता, दोन गिऱ्हाइकं बघत होती. ते म्हणाले, "माप बरोबर आहे. माझ्या मापात खोट निघाली तर मी पट्टी मोडून टाकीन. हात बसायला वेळ लागतो, पोरी."

मुंगीने मान हलवली. "माझंच असेल," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. भाऊजी दुसऱ्या कोणाचं माप लिहायला वही उघडून बसले आणि नजर वरच्या ओळीवर गेली. मुंगी. सुरुवात दोन. शेवट अठ्ठावीस. फरक अठ्ठावीस.

अठ्ठाविसातून दोन गेले की सव्वीस उरतात. हे सांगायला नकाशे काढणारा लागत नाही, तिसरीतलं मूल लागतं. भाऊजी मला नंतर म्हणाले, "मी ती ओळ पाच वेळा वाचली. वाटलं, आपण वेगळंच काही मोजलं असेल." मग त्यांनी मागची पानं चाळली. वर्षापूर्वी मुंगीचं त्याच गेममधलं माप त्यांनीच घेतलं होतं. फरक सव्वीस. म्हणजे नव्या गेममध्ये तिला प्रत्येक गिरकीला दोन सेंटिमीटर जास्त ओढावं लागत होतं, आणि तिचा वर्षाचा बसलेला हात ते ओढत नव्हता. अलीकडेच थांबत होता. ती अक्षरशः खरं सांगत होती.

फोन काउंटरवर होता. मुंगीचा नंबर वहीतच होता. भाऊजींनी फोन हातात घेतला आणि त्यांना आपलंच वाक्य आठवलं, पट्टी मोडून टाकीन म्हटलेलं. त्यांनी फोन ठेवला. स्पर्धा चार दिवसांवर होती. त्यांनी स्वतःची समजूत घातली की आता आकडा बदलला तर तिचा हात आणखीच गोंधळेल, स्पर्धा झाली की सांगू. "यात थोडं खरंही होतं," ते मला म्हणाले. "म्हणून तर ते कामाला आलं."

टीम दुसऱ्याच फेरीत हरली. शेवटच्या डावात मुंगी एकटी उरली होती, समोर दोघं, आणि तिच्या दोन्ही गोळ्या बाजूने गेल्या. कॅप्टन चारचौघांत तिला काही बोलला नाही. नंतर त्याने फोनवर सांगितलं की तुझ्या जागी दुसऱ्याला घेतोय, तू थोडी विश्रांती घे. हे सगळं दुकानात चर्चेला आलं. भाऊजी मागच्या टेबलावर एका मशीनची धूळ काढत होते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून राहिले.

इथेच थांबलं असतं तर एका चुकीचीच गोष्ट झाली असती. पण तीन आठवड्यांनी मुंगी पुन्हा दुकानात आली.

"माऊस खराब झाला असेल का?" तिने मालकाला विचारलं. "मी रोज सराव करतेय. आता आता कुठे हात बसतोय असं वाटतं, पण भरवसा वाटत नाही."

मालकाने लगेच काचेच्या कपाटातून नवा माऊस काढला. "मिलिमीटर, तुम्ही सांगा हिला. फरक पडेल ना?"

भाऊजींच्या मनात त्या क्षणी जे आलं ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना वाटलं, ही संधी आहे. नवा माऊस म्हटला की आकडे नव्याने बसवावेच लागतात. आपण गुपचूप सव्वीस बसवू. तिला वाटेल जुना माऊसच वाईट होता. तिचा खेळ सुधारेल, कोणाला काही कळणार नाही, सगळं जिथल्या तिथे.

"घेऊन बघ," ते म्हणाले.

मुंगीने माऊस घेतला आणि टेबलाशी येऊन उभी राहिली. फोनच्या कव्हरमधून तिने घडी घातलेला कागद काढला. "अठ्ठावीसच ठेवा काका. तुम्ही लिहून दिलं होतं."

"हो, अठ्ठावीस," भाऊजी म्हणाले, आणि सव्वीस बसवलं.

चूक माणसाच्या हातून होते. हे मात्र त्यांनी जाणूनबुजून केलं, तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या विश्वासाचा फायदा घेऊन. आणि ते अंगाशी आलं. कारण गेल्या महिनाभरात मुंगीने दात-ओठ खाऊन सराव केला होता आणि तिचा हात खरोखरच अठ्ठाविसाला बसत आला होता. आता तो पुन्हा चुकू लागला, पण उलट्या बाजूने. आधी ती अलीकडे थांबायची, आता पलीकडे जायला लागली.

माऊस नवा होता, माप तेच होतं असं तिला वाटत होतं. मग चुकतंय कोण? तिने सरळ उत्तर काढलं की माझा हात. आधी मनगटाला पट्टा बांधून कामावर जायला लागली. मग डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. त्याने ती आणखी घाबरली. लॅबमध्ये मेणाचा दात कोरताना दर दोन मिनिटांनी हात पुढे धरून बघायची, थरथरतो का म्हणून. शेवटी तिने दुकानात येऊन माऊस काउंटरवर ठेवला. "कोणाला हवा असेल तर देऊन टाका. मी खेळणं सोडलं," ती मालकाला म्हणाली. मागे बसलेल्या भाऊजींना तिने हात केला. "येते काका. तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी."

भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटात चिवडत बसले. ताईने मला फोन केला. "तुझ्या भाऊजींना काय झालंय बघ रे. काल कपाटाचं दार वाकडं लागलं तरी तसंच सोडलं त्यांनी."

रविवारी सकाळी मी गेलो. आम्ही दोघं गच्चीवर पाण्याच्या टाकीची गळती बघायला चढलो, आणि तिथे त्यांनी सगळं सांगितलं, आत्ता मी सांगतोय त्याच क्रमाने. सांगताना हातातल्या पान्याने ते टाकीच्या नळाचा तोच नट आवळत आणि सोडत होते.

"सांगून टाका तिला," मी म्हणालो.

"काय सांगू? वजाबाकी चुकली म्हणून?"

"तेच झालंय ना?"

"तेवढंच झालं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणाले. "तू असतास तर सांगितलं असतंस?"

खरं सांगायचं तर मीही बहुधा गप्प बसलो असतो. मी एवढंच म्हणालो की मी तुमच्याबरोबर येतो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दातांच्या लॅबमध्ये गेलो. एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबट खोली होती. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येकावर छोटा दिवा आणि फडताळात ओळीने प्लास्टरचे जबडे. मुंगी एकटीच होती. पांढरा ॲप्रन, मनगटाला पट्टा, हातात गुलाबी मेणाची कवळी. आम्हाला बघून तिला आश्चर्य वाटलं. तिने दोन स्टुलं ओढून दिली. भाऊजी बसले नाहीत.

त्यांनी वही उघडून तिच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. मुंगीने वाचलं. एकदा, मग परत.

"हे सव्वीस हवं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे माझा हात..."

"तुझा हात बरोबर होता. माझी चूक. मी दोन वजा करायला विसरलो."

तिने कवळी खाली ठेवली. तिचा चेहरा एकदम हलका झालेला मी पाहिला. ती जवळजवळ हसली. "अहो काका, मग एवढंच ना. मला वाटलं माझी शीर वगैरे... कधी लक्षात आलं तुमच्या?"

इथे खोटं बोलायला भरपूर जागा होती. काल लक्षात आलं असं म्हटलं असतं तर ती त्यांचे आभार मानून चहा घेऊन आली असती. मी खाली फरशीकडे बघत होतो.

"चौथ्या दिवशी," भाऊजी म्हणाले.

"कशाच्या चौथ्या?"

"नव्या गेमचं माप घेतलं त्याच्या. स्पर्धेच्या आधी."

मग तिने हळू विचारलं, "मी नवा माऊस घेतला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. आणि त्यात मी तुला न सांगता सव्वीस बसवलं. तू अठ्ठावीस म्हणालीस, मी हो म्हणालो आणि सव्वीस बसवलं."

मुंगी मनगटाच्या पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने तो सोडला, गुंडाळला, टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद केल्यावर बोलली.

"मी आईला सांगितलं होतं की माझा हात गेला. ती रडली होती. मी हे काम सोडून दुसरं काय करता येईल ते शोधत होते. तुम्ही म्हणालात माप बरोबर आहे, म्हणून मी मापावर शंकाच घेतली नाही. स्वतःवर घेतली."

"माझं चुकलं," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल. "मी कॅप्टनला जाऊन सांगतो."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही गोड बोलाल आणि तो हसेल. लिहून द्या. मी दाखवीन."

तिने लॅबच्या पॅडवरचा कोरा कागद पुढे केला. भाऊजींनी उभ्याउभ्या लिहिलं. सुबक अक्षर, सरळ ओळी. माप घेताना माझी वजाबाकी चुकली, मुंगीचा दोष नाही, खाली सही. मी वाचलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग कागद परत ओढून सहीच्या वर राहिलेल्या जागेत बारीक अक्षरात आणखी दोन ओळी घातल्या. चूक मला चौथ्या दिवशी कळली होती आणि मी लपवली. नंतर न सांगता आकडा बदलला, त्यामुळे तिचं आणखी नुकसान झालं.

मुंगीने कागद घेतला, वहीच्या पानाचा फोटो काढला. "आता जा," ती म्हणाली. "माझी सुट्टी संपली."

बाहेर आल्यावर भाऊजी फुटपाथच्या कडेला थांबले. मला वाटलं मोकळं वाटलं असेल. तसं काही नव्हतं. "ती हसली होती रे," ते म्हणाले. "कधी लक्षात आलं विचारायच्या आधी."

कॅप्टनने कागद वाचला आणि 'झालं ते झालं' म्हणाला. जागा दुसऱ्याला दिली होती ती दिलीच. मुंगी परत त्या टीममध्ये गेली नाही. दोन महिन्यांनी कळलं की ती दुसऱ्या चौघांबरोबर खेळते, आणि माप तिचं तिनेच घेतलं, शिवणाच्या टेपने. कागदाची बातमी मात्र दुकानात यायला दोन दिवस लागले नाहीत. मालक भाऊजींवर वैतागला. "चूक झाली तर झाली, लिहून द्यायचं कशाला? हात दाखवून अवलक्षण." माऊसचे पैसे मुंगीला परत करा एवढं एकच भाऊजींनी त्याला ठामपणे सांगितलं, आणि ते त्याने कुरकुरत केलं. खेळणारी पोरं येतात, पट्टी पुढे करतात आणि विचारतात, "वजाबाकी केलीत ना?" भाऊजी हो म्हणतात. पूर्वी त्यांना कोणी असं बोललेलं चाललं नसतं. आता ते आकडा गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावतात आणि मगच लिहितात. माणसं कमी येतात. पट्टी मोडलेली नाही. ती मोडून काय सिद्ध होणार, असं ते म्हणाले, आणि मलाही तसंच वाटतं.

ताईला त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. सासुरवाडीलाही मग कळलंच, गेमच्या कामासकट. त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. माझी आई फक्त म्हणाली, "बसून करायचं काम आहे ना? मग बरं आहे."

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाऊजी हात धुऊन पाटावर बसले आणि ताईला म्हणाले, "आज ती आली होती दुकानात."

ताईने वाढता वाढता हात थांबवला. "काय म्हणाली?"

"मालक नव्हता. मीच होतो काउंटरवर. केबल मागितली."

"मग?"

"दिली," भाऊजी म्हणाले. "सुटे पैसे मोजून घेतले तिने, आणि गेली."